राहून गेलेला नवस

नागपूरच्या गांधीबागेत बापूजींच्या कापडाच्या दुकानात धोंडबा हेडाऊ नावाचा एक विक्रेता होता, आणि तो लुगड्याचा पदर कधीही खांद्यावर टाकून दाखवत नसे.

यात विशेष काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण त्या काळी गांधीबागेतल्या ठोक दुकानात घटकाभर उभं राहून पाहायला हवं होतं. पांढरी गादी, तिच्यावर मालाचे गठ्ठे, समोर काटोल-सावनेरकडून खरेदीला आलेले गावचे दुकानदार. आणि चांगले मिशीवाले, पान खाणारे विक्रेते एकेक लुगडं उलगडून पदर आपल्याच खांद्यावर टाकताहेत, कमरेशी निऱ्या धरून इकडून तिकडून वळून दाखवताहेत. अंगावर पडल्याशिवाय पदर कळत नाही. त्यात लाजण्यासारखं कोणाला काही वाटत नसे. दुकानातला सगळ्यात जुना माणूस चंपतराव. डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं. तो तर पदर डोक्यावरून घेऊन म्हणायचा, "पाहा शेठ, मी एवढी चांगली दिसून राहिली, तर तुमच्या गावच्या सुना कशा दिसतीन!" आणि गादीवर हशा पिकायचा.

धोंडबा मात्र पदर डाव्या हातावर पसरून दाखवायचा. हात लांब करून, ओला कपडा वाळत घालावा तसा.

"काहून गा धोंडबा, खांद्याले फोड आला काय?" चंपतराव ओरडायचा. "टाक ना पदर!"

"हातावर काठ चांगले दिसते, चंपतराव."

"काठ दिसते, बाई नाही दिसत! लुगडं का हाताले नेसवाचं आहे?"

बापूजी मालक असूनही फारसे बोलत नसत. माणूस सरळ होता, वेळेवर येत होता, म्हणून चालून जात होतं.

नोकरीला लागला त्या दिवसांत धोंडबानं एकदा, एकदाच, पदर खांद्यावर टाकला होता. समोरच्या खांबावर आरसा होता. त्यात जे दिसलं त्यानं त्याचे हात जागच्या जागी थांबले. लाज नाही वाटली. लाज वाटली असती तर बरं झालं असतं. वाटलं ते असं, की घरचं कोणीतरी फार वर्षांनी परत आलं आहे आणि दारात उभं आहे. बाकीचे पदर टाकत होते नि काढत होते. त्याला तो काढवेना. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "झालं ना भाऊ, दुसरं दाखवा." तेव्हापासून पदर हातावर.

या गोष्टीला नाव काय, ते त्याला माहीत नव्हतं. लोकांकडे जे शब्द होते ते सगळे शिव्यांसारखे वापरले जात. महाल भागात लग्नघरी टाळ्या वाजवत मंडळी येत, तेव्हा तो खांबाआडून त्यांच्याकडे पाहायचा. आपण यांच्यातले का, असं स्वतःला विचारायचा, आणि उत्तर येण्याआधी मान खाली घालायचा. असं करत करत तिशी आली.

त्याचं घर म्हणजे महालात भाड्याची एक खोली आणि माय. बाप बळीराम खापा या गावी हातमागावर लुगडी विणायचा. तो गेल्यावर मागही गेला आणि बायजाबाई, म्हणजे धोंडबाची माय, लेकाजवळ नागपूरला आली. सोयरिकीची बोलणी निघाली की धोंडबा काही ना काही निमित्त काढून ती मोडायचा. पण त्या वर्षी, चौऱ्याहत्तर साल असावं, सावनेरची आत्या गोपिका हटून बसली. मुलगी तिच्याच शेजारची, देवकी नावाची. पाहणी झाली. होळी झाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं.

पाहणीच्या वेळी देवकीनं चहाचा कप पुढे करताना एकदाच वर पाहिलं आणि थोडंसं हसली. तेवढ्यानं धोंडबाची झोप गेली. ही पोरगी आपल्यावर भरवसा ठेवून हसली, हे त्याला कळलं होतं. हो म्हणावं तर तिच्या आयुष्याची माती. नाही म्हणावं तर कारण काय सांगावं? कारण सांगायला आधी ते आपल्याला ठाऊक हवं. साक्षगंधाच्या आत आपण कोण आहोत ते कळलंच पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली.

मनाचेही डॉक्टर असतात, हे त्यानं ऐकलं होतं. एका दुपारी तो सायकल काढून धंतोलीत गेला. तिथे एका बंगल्यावर तशी पाटी होती. पाटीखाली फी लिहिलेली होती. ती वाचून धोंडबानं सायकलचं तोंड फिरवलं. त्याच्या पगारात त्या डॉक्टरांच्या उंबऱ्याच्या आत एकदा जाता आलं असतं, दुसऱ्यांदा नाही. मग तो पागलखान्याकडे गेला. तिथे पैसे लागत नव्हते. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "कोणाले भेटाचं आहे?" आणि धोंडबा म्हणाला, "कोणालेच नाही." परत येताना त्याला वाटलं, ते खरंच होतं. ज्याला भेटायचं होतं तो आत नव्हता, बाहेर उभा होता.

शेवटी वाट दाखवली ती चंपतरावनं, आणि तीही नकळत. दुपारी डबे उघडले की चंपतराव घरच्या गोष्टी सांगत बसे. त्याच्या साळ्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं, दुकान जळलं होतं आणि तेव्हापासून त्यानं अन्न सोडलं होतं.

"आता कसा आहे?" कोणीतरी विचारलं.

"चांगला आहे! काल पुरणाच्या पोळ्या हाणल्या त्यानं. महालात तो धर्मादाय दवाखाना नाही का, तिथं गुरुवारी एक बाई बसते. शिकलेली आहे त्या विषयातलं. गोळी नाही, सुई नाही. नुसतं बोलते."

"बोलून बरं होते?"

"नाही गा, ती बी नाही बोलत. ती ऐकते! साळ्यानं दर गुरुवारी जाऊन बडबड केली अन् एक दिवस आपणच भाकर मागितली. जाताना पेटीत काय टाकाचं ते टाका, नाही तर हात जोडा. मी म्हटलं, वा! माझी बायको फुकटात बी ऐकत नाही माझं."

सगळे हसले. धोंडबाचा घास हातातच राहिला.

पुढच्या गुरुवारी तो त्या दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

"मी."

"संगं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग परत जा. या विभागात घरचं माणूस पाहिजे संगं. उद्या पेशंट उठून कुठं गेला, तर आम्ही कोणाले धराचं?"

धोंडबाचं घरचं माणूस म्हणजे माय. आणि घरच्यांना कळू नये म्हणून तर तो इथे आला होता. घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एक युक्ती आली. अशी युक्ती आपल्याकडच्या माणसालाच सुचू शकते. दुखणं आपलं असलं तरी पेशंट दुसऱ्याला करायचं.

"माय," तो चुलीजवळ बसत म्हणाला, "तुले रात्रीची झोप लागत नाही ना?"

"काही नाही लागत. बाप गेला तुझा तव्हापासून. त्याच्या बी आधीपासून."

"दवाखान्यात एक बाई बसते. झोपेचं पाहते. चालतेस का गुरुवारी?"

बायजाबाईनं फुंकणी खाली ठेवली आणि लेकाकडे जरा वेळ पाहिलं. "चाल," ती म्हणाली. एक प्रश्न विचारला नाही. धोंडबाला वाटलं, किती भोळी आहे माय.

गुरुवारी बापूजींना "मायले दवाखान्यात न्यायचं आहे" सांगून तो निघाला. खिडकीत त्यानं पेशंट म्हणून मायचं नाव सांगितलं आणि घरचं माणूस म्हणून आपलं. बायजाबाई घडीचं लुगडं नेसून बाकावर बसली होती. बाई आधी तिची झोपेची गोष्ट ऐकतील, मग घरच्या माणसाला म्हणून आपल्याला आत बोलावतील, तेव्हा संधी साधून आपलं सांगू, असा त्याचा हिशेब होता.

खोलीचं दार अर्धं उघडलं आणि एक तरुण बाई बाहेर आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सुती पातळ, केसांची एक वेणी. हिचं नाव प्रेमिलाबाई. चंपतरावच्या बोलण्यावरून धोंडबानं कोणी म्हातारी कल्पिली होती.

"बायजाबाई हेडाऊ? या आई, आत या. तुम्ही बाहेर बसा भाऊ."

माय आत गेली आणि दार लोटलं गेलं. धोंडबा बाकावर बसून राहिला. बराच वेळ गेला. झोपेबद्दल एवढं काय बोलायचं असतं? आतून मायचा आवाज यायचा, शब्द कळत नसत. एकदा तो आवाज मोठा झाला आणि एकदम थांबला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

माय बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "जाय. तुले बोलावते बाई."

खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि मध्ये टेबल नव्हतं. डॉक्टर म्हणजे टेबलापलीकडचा माणूस, एवढंच धोंडबाला ठाऊक होतं. हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

"तुमच्या आई म्हणतात, झोप त्यांना येत नाही हे खरं आहे," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "पण पेशंट तुम्ही आहात. त्या तुम्हाला घेऊन आल्या आहेत."

धोंडबा मायला फसवून घेऊन आला होता, आणि माय त्याला घेऊन आली होती. दोघं एकाच रिक्षात शेजारी बसून.

"काय म्हणाली माय?"

"ती त्यांची गोष्ट आहे. त्या सांगतील तेव्हा सांगतील. तुम्हाला काय सांगायचं आहे?"

त्याला काहीच सांगता आलं नाही. एवढे दिवस मनात घोकलेलं एक वाक्यसुद्धा तोंडातून येईना. तो मान खाली घालून बसला. आणि मग असं काही झालं, जे त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. समोरच्या माणसानं घाई केली नाही. "बोला" नाही, "हो का" नाही, घड्याळाकडे पाहणं नाही. बाहेर रिक्षांच्या घंट्या वाजत होत्या, आणि या खोलीत एक शिकलेलं माणूस आपल्यासाठी, आपण बोलेपर्यंत, थांबून होतं. धोंडबाला देवळाच्या गाभाऱ्यात कधी वाटलं नव्हतं तसं वाटलं. त्या दिवशी तो एक शब्दही बोलला नाही. उठताना बाई म्हणाल्या, "चांगलं झालं. पुढच्या गुरुवारी या."

चांगलं काय झालं, ते त्याला कळलं नाही. पण घरी जाताना पाय हलके झाले होते.

पुढच्या गुरुवारी तो बोलला. आधी पदराचं सांगितलं. मग आरशाचं. मग जे कधी स्वतःशीही बोलला नव्हता ते. दाढी करताना आरसा लहान का ठेवतो, बायांच्या बोलण्याचा आवाज गल्लीतून आला की काम सोडून उभा का राहतो, ते सगळं. शेवटी देवकीचं सांगितलं आणि घाईघाईनं म्हणाला, "बाई, माझं रक्त तपासा. मी कोण ते त्यात निघन ना? होळी जवळ येऊन राहिली."

"रक्तात ते नाही निघत, धोंडबाभाऊ."

"मग कशात निघते?"

"अशी तपासणी कुठेच नाही. इंग्रजी पुस्तकांत याला एकदोन शब्द आहेत. मी वाचले आहेत. पण ते रोगाचे शब्द आहेत, आणि मला समोर रोगी दिसत नाही."

धोंडबाला आशा होती की कोणीतरी शिक्का मारून देईल. आपलं काही सांगण्याची प्रेमिलाबाईंची रीत नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी सांगितलं.

"मी लहान होते तेव्हा छप्पन साली आमचं सगळं घर दीक्षा घ्यायला गेलं. माझी आजी होती, जयवंता. जन्मभर तिला लोकांनी सांगितलं होतं ती कोण आहे ते, कुठे उभं राहायचं, कुठे नाही. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसली. मी तिचं बोट धरून होते. एवढी माणसं मी कधीच पाहिली नव्हती. परत येताना ती मला म्हणाली, 'पोरी, आज मी कोण आहो ते मले कोणी नाही सांगतलं. मी सांगतलं.' गल्ली तीच, घर तेच. पण दुसऱ्या दिवसापासून आजी चालायचीच वेगळी. शेजारचे लोक दारात येऊन पाहायचे." बाई थोडं हसल्या. "तुमची गोष्ट वेगळी आहे. मी दोन्ही एक म्हणत नाही. पण आपण कोण हे आपल्या तोंडानं सांगता येतं, आणि माणूस ते सांगून जिवंत राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

आपण ज्याला दुखणं समजत होतो ती एक सांगायची गोष्ट असू शकते, हे धोंडबाच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता.

"तुम्हाला इथे कोणत्या नावानं हाक मारू?" बाईंनी विचारलं.

"धोंडबाच. दुसरं काय नाव आहे मले?"

"बरं," बाई म्हणाल्या, आणि दाराकडे पाहिलं. "पुढच्या वेळी आईंना सोबत आत घेऊ या का? त्यांना तुमच्यासमोर काही बोलायचं आहे."

तिसऱ्या गुरुवारी खोलीत आणखी एक खुर्ची आली. बायजाबाई खुर्चीवर अवघडून बसली, मग सरळ खाली जमिनीवर बसली, आणि बाईही खाली बसल्या. मग धोंडबाही बसला. खाप्याच्या घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरताना बसायचे तशी तिघं बसली.

"याच्या आधी दोन पोरं झाली मले," बायजाबाई बाईंकडे पाहून बोलू लागली, लेकाकडे नाही. "दोन्ही पोरगेच. दोन्ही गेली. हा झाला तव्हा मी कन्हानच्या काठी मातामायपुढं पदर पसरला. म्हटलं, हे लेकरू तुझं. याले पोरगी म्हणून वाढवीन. नाकात नथनी घालीन. यमाले पोरगा दिसूच देणार नाही."

असा नवस तिकडे पुष्कळ बाया करत. मूल जगावं म्हणून त्याला धोंडबा, दगडू असलं नाव, नाही तर नाकात नथनी नि अंगात परकर. धोंडबाला नाकावरचा लहानसा खड्डा माहीत होता. लहानपणी काहीतरी केलं होतं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं.

"मनकर्णा म्हणून हाक मारे मी याले," माय म्हणाली. "केस कमरेपर्यंत. परकर घालून अंगणभर फिरे. मातामायले मी वचन दिलं होतं, का लेकरू आपल्या तोंडानं म्हणन, 'माय, काढ', तव्हाच नथनी काढीन. सगळी पोरं म्हणते ना बाई. बाकीची चिडवते, मग ती म्हणते. आमच्या गल्लीत कोष्ट्याचा एक पोरगा होता, त्यानं तर सोताच ओढून नाल्यात फेकली."

"तो पुढे कसा झाला?" बाईंनी विचारलं.

"त्याले काय झालं? पहिलवान झाला! बायकोले भेतो, पण पहिलवान आहे."

बाई हसल्या. "म्हणजे नथनीनं कोणी काही होत नाही, एवढं तर खरं."

"नाही होत," माय म्हणाली, जणू ते तिलाही आत्ताच कळलं. मग तिचा आवाज उतरला. "पण हे लेकरू म्हणेच ना. मी विचारे, 'मनकर्णा, काढू काय वं?' तर दोन्ही हातानं नाक झाकून पळे. मग शाळेत नाव घालाचं आलं. याच्या बापानं न्हाव्याले बोलावलं. म्हणे, पुरे झालं आता. याले धराले कोणी पाहिजे होतं, तं मी धरलं. या हातांनी. केस पडले, नथनी निघाली, अन् जे रडलं हे लेकरू... मले वाटलं, घरातून कोणाले तरी बाहेर काढून दिलं. बाई, मातामायनं विचारलं तर मी काय सांगू? यानं कधी म्हटलंच नाही. मी नवस मोडला. मले झोप कशी येईन?"

धोंडबाला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. पण आरशातलं जे माणूस फार वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं होतं, त्याला बाहेर काढलं गेलं ते दार आता त्याला दिसलं. आणि आणखी एक गोष्ट दिसली, जी पाहून तो थक्क झाला. तू कोण आहेस, हे आपल्याला कोणीच कधी विचारलं नाही, असं तो धरून चालला होता. ते खरं नव्हतं. बोलायलाही नीट येत नव्हतं तेव्हा एका अडाणी बाईनं, देवीला साक्षी ठेवून, ते आपल्यावर सोपवलं होतं. म्हणाली होती, याच्या तोंडून येईल तेच खरं. प्रश्न विचारून झाला होता. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"माय," तो म्हणाला, "तू इथं काहून आलीस माझ्यासंगं?"

"तू पदर हातावर दाखवतोस," बायजाबाई म्हणाली. "मागं चंपतराव घरी आला होता ना, तो हसून हसून सांगत होता. तो हसला. मी नाही हसली."

होळी झाली. गोपिकाआत्या साक्षगंधाचा दिवस काढूनच आली. खोलीत शिरताच तिनं विचारलं, "भावजय, पाहुणे किती धराचे?"

"एक बी नोको धरू. साक्षगंध होत नाही."

"काहून? पोरीत काय खोट आहे?"

"पोरीत नाही. नवस राहिला आहे माझा."

"कोणता नवस वं?"

"नथनीचा. मातामायचं लेकरू आहे ते. मी तिच्या परवानगीबिगर तिच्यापासून परत घेतलं. ते फिटल्याशिवाय मी कोणाची पोरगी या घरात आणणार नाही."

"अवं, तीस वर्षाचा नवस? आता फेड ना मग, कोंबडं काप, नारळ फोड!"

"कोंबड्याचं बोलली नव्हती मी. जे बोलली होती ते मातामायले अन् मले ठाऊक आहे."

गोपिकाआत्या जिभेची धारदार बाई. पण मातामायचं नाव निघाल्यावर तिचं काही चालेना. राहिलेल्या नवसाच्या घरात मुलगी द्या, असं ती सावनेरला जाऊन कोणत्या तोंडानं सांगणार? तिनं कानाच्या पाळ्यांना हात लावले, चहा प्यायली आणि म्हणाली, "तरीच म्हटलं, याच्या सोयरिकी काहून जुळत नाही." देवकीचं पुढच्याच हंगामात उमरेडकडे चांगल्या घरी लग्न झालं. धोंडबानं बापूजींना सांगून तिच्यासाठी एक चांगलं पातळ आत्याच्या हाती पाठवलं, आपलं नाव देवकीला कळू न देता.

मायनं आत्याला सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं; नवस खरंच राहिला होता. म्हणूनच धोंडबाला राहवेना. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो मायला घेऊन बसनं खाप्याला गेला. कन्हानचं पाणी एका कडेला गेलं होतं आणि वाळूत टरबुजांच्या वाड्या लागल्या होत्या. काठावर कडुनिंबाखाली मातामाय होती. शेंदूर लावलेला दगड, पुढे फुटक्या बांगड्या. बायजाबाईनं हात जोडले आणि दगडाला म्हणाली, "आणलं मी याले. आता तूच विचार." आणि बाजूला जाऊन झाडाला टेकून बसली.

धोंडबाला वाटलं, आपलं काही तोंडातून निघणार नाही. पण त्या खोलीत बसून त्याला एक गोष्ट आली होती, थांबणं. तो थांबला. मग म्हणाला, अगदी हळू, पण आवाज काढून, "मले नव्हती काढाची. आता बी नाही काढाची."

वारा आला, कडुनिंबाचा पाला पडला. आणखी काही झालं नाही. पण बायजाबाई उठून आली आणि तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत ती नथनी होती. एवढीशी, तांबूस पडलेली. एवढी वर्षं ती कुठे ठेवली होती, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. नाकातलं छिद्र केव्हाच बुजलं होतं. मायनं ती काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधली, सदऱ्याच्या आत. "चाल, मनकर्णा," ती म्हणाली. "बस निघून जाईन."

त्या रात्री बायजाबाई भिंतीकडे तोंड करून जी झोपली ती उन्हं वर आल्यावर उठली.

धोंडबानं लग्न केलं नाही. बाहेर तो धोंडबाच राहिला. त्या काळात त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि करायचं होतं का, हेही त्याला पक्कं ठाऊक नव्हतं. पण गुरुवार त्यानं सोडला नाही. प्रेमिलाबाई अमरावतीला गेल्या तोपर्यंत, काही वर्षं, तो जात राहिला. बाई दर वेळी दारातच विचारायच्या, "आज कोणत्या नावानं हाक मारू?" एखाद्या दिवशी तो म्हणायचा, धोंडबा. एखाद्या दिवशी म्हणायचा, मनकर्णा. पुढे पुढे हे दुसरं नाव जास्त वेळा येऊ लागलं. एकदा म्हणाला, "आज माहीत नाही बाई." तेव्हा बाई म्हणाल्या, "मग नुसतं बसा." आणि दोघं नुसती बसली.

पण हे पुढचं. त्याच उन्हाळ्यात, खाप्याहून परतल्यावर काही दिवसांनी, दुकानात काटोलचा एक व्यापारी आला होता. लग्नसराईची खरेदी. चंपतराव जेवायला गेलेला. धोंडबानं हिरव्या लुगड्याची घडी मोडली, सवयीनं हात लांब केला, आणि मग हात जवळ घेतला. पदर खांद्यावर टाकला. नीट टाकला, काठ सरळ करून. खांबावरच्या आरशात पाहिलं. ते माणूस तिथेच होतं, कुठे गेलंच नव्हतं. सदऱ्याच्या आत नथनी लागत होती.

कोणी हसलं नाही. कोणी वळूनही पाहिलं नाही. सगळी गादी भरून माणसं पदर टाकत होती नि काढत होती. व्यापारी पुढे वाकून पदराचा पोत बोटांनी पाहत होता. तेवढ्यात चंपतराव दात कोरत आला आणि पायरीवरच थबकला.

"अरे वा! उतरला काय गा खांद्याचा फोड?"

"उतरला, चंपतराव."

"चांगला दिसते पदर," चंपतराव म्हणाला, थट्टा न करता, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

व्यापाऱ्यानं तोच माल घेतला. धोंडबानं पदर हळूच उतरवला आणि लुगडं घडीला घडी जुळवून घातलं. मग दुसरं उलगडलं.